ऊतीसंवर्धनाचे जनक गॉटलीब हाबरलांट आणि मिरचीच्या तिखटपणाचा प्रश्न

हळदीच्या लागवडीचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. टिश्यू कल्चरची रोपे लावली तर कर्क्युमिन जास्त मिळते का? दुसरा प्रश्न नव्याने शेतीत उतरलेली तरुण मंडळी विचारतात. मिरचीचा तिखटपणा, केशराचा रंग हे सगळे प्रयोगशाळेत बाटलीतच तयार होणार असे ऐकले, मग आमच्या पिकाचे काय?

दोन्ही प्रश्नांची मुळे एका माणसाच्या कामात सापडतात. त्यांचे नाव गॉटलीब हाबरलांट. तुमच्यापैकी कोणी कृषी पदवी घेतली असेल तर ‘हॅबरलँड’ असे नाव वाचले असेल. पुस्तकात त्यांच्यावर दोनच ओळी असतात: १९०२ साली सुट्या वनस्पती पेशी वाढवण्याचा पहिला प्रयत्न केला, पेशी विभागल्या नाहीत, तरी ते ऊतीसंवर्धनाचे जनक. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. पण त्या दोन ओळींच्या मागेपुढे नव्वद वर्षांचे आयुष्य आहे, आणि मसाला पिकांच्या दृष्टीने कामाचा भाग तिथेच आहे.

हाबरलांट यांचा जन्म २८ नोव्हेंबर १८५४ चा, आजच्या हंगेरीतील माग्यारोवार या गावचा. त्या वेळी तो ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा भाग होता आणि गावात शेतकी शिक्षणाची संस्था होती. वडील फ्रीडरिख हाबरलांट तिथे शिकवत. हे वडीलही आपल्या ओळखीचे असायला हवेत, कारण युरोपात सोयाबीनच्या पद्धतशीर चाचण्या पहिल्यांदा घेणारे ते हेच. १८७३ च्या व्हिएन्नातील जागतिक प्रदर्शनात त्यांना आशियातून आलेले सोयाबीनचे बियाणे मिळाले. १८७५ पासून त्यांनी ते लावून पाहिले, मग साम्राज्याच्या वेगवेगळ्या भागांतील शेतकऱ्यांना आणि संस्थांना थोडेथोडे बी वाटून निकाल मागवले आणि १८७८ साली त्यावर पुस्तक काढले. त्याच वर्षी ते वारले. आज लातूर-वाशीमकडे ज्या पिकावर घरसंसार चालतात, त्या पिकाच्या चाचण्या या मुलाने घरातच पाहिल्या असणार.

गॉटलीब व्हिएन्नाला वनस्पतिशास्त्र शिकले. १८७६ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते जर्मनीत ट्युबिंगेनला झिमोन श्वेंडेनर यांच्याकडे गेले. श्वेंडेनर झाडाच्या खोडाकडे स्थापत्य अभियंत्यासारखे पाहत. खांब कुठे, तुळई कुठे, वाकवणारा जोर कोण झेलतो, असा त्यांचा विचार. हाबरलांट यांनी हीच दृष्टी झाडाच्या सगळ्या भागांना लावली. प्रत्येक ऊतीची रचना तिच्या कामावरून समजून घ्यायची: सालीचे काम काय, पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे काय, ग्रंथींचे काय. १८८४ साली या विषयावरचे त्यांचे मोठे पुस्तक आले. पुढची कित्येक दशके त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या.

या पुस्तकाने काय दिले ते तुमच्या शेतात दिसते. उसाचे किंवा मक्याचे पान आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. प्रत्येक शिरेभोवती हिरव्या, फुगीर पेशींचे कडे दिसते आणि त्याभोवती दुसऱ्या हिरव्या पेशी दाटीने लागलेल्या असतात. जणू माळ घातली आहे. या रचनेला ‘क्रान्झ’ म्हणजे माळ किंवा हार हे जर्मन नाव हाबरलांट यांनी वापरले. दोन थरांत कामाची वाटणी असावी, असा अंदाजही त्यांनी बांधला. ती वाटणी नेमकी काय हे कळायला १९६० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा ऑस्ट्रेलियात उसावर काम करताना हॅच आणि स्लॅक यांनी सी-४ प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग मांडला. ज्वारी, मका, ऊस उन्हात इतके जोमाने का वाढतात, याचे उत्तर त्या हारात होते.

पहाटे अळूच्या किंवा केळीच्या पानाच्या कडेला पाण्याचे थेंब लोंबताना दिसतात. ते दव असतेच असे नाही, पुष्कळदा पान स्वतः पाणी बाहेर टाकत असते. त्या जागांना ‘हायडॅथोड’ हे नावही त्यांनीच दिले. १८९१-९२ च्या हिवाळ्यात ते जावा बेटावर बुइटेनझोर्ख, म्हणजे आजच्या बोगोर, येथील वनस्पती उद्यानात राहून आले. उष्ण प्रदेशातील झाडे त्यांनी तिथे जवळून पाहिली आणि परतल्यावर प्रवासवर्णन लिहिले. १९०० साली मुळे खाली का जातात याचे उत्तर त्यांनी दिले. मुळाच्या टोपीतील पेशींत पिष्टाचे जड कण तळाला बसतात आणि त्यावरून मुळाला खाली कुठे हे कळते. प्रागच्या न्येमेत्स यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच सांगितले. हे सगळे काम ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे झाले. तिथे ते १८८० पासून शिकवत होते आणि १८८८ पासून विद्यापीठात मुख्य प्राध्यापक होते.

१९०२ चा प्रयोग

आता तो प्रसिद्ध ‘फसलेला’ प्रयोग. हाबरलांट यांचा तर्क सरळ होता. झाडाची प्रत्येक पेशी एका मूळ पेशीपासून आली आहे, तर एका पेशीत पूर्ण झाड घडवण्याची क्षमता शिल्लक असली पाहिजे. पेशी झाडापासून सुटी केली आणि तिला अन्न दिले, तर ती काय करते ते कळेल. शेजारच्या पेशी तिच्यावर कोणता अंमल चालवतात, तेही कळेल.

त्यांनी निवडलेला माल पाहा. लॅमियम नावाच्या तुळशीच्या कुळातील तणाच्या हिरव्या पेशी. आपल्या नद्या-तलाव गिळणाऱ्या जलपर्णीच्या देठातील पेशी. ट्रॅडेस्कँशियाच्या पुंकेसरावरचे केस, पल्मोनॅरियाचे ग्रंथीयुक्त केस, खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या युरोपीय अर्टिकाचे दंशकेस. क्षारांचे साधे द्रावण, त्यात साखर, आणि शक्य तितकी स्वच्छता. पेशी काही आठवडे जगल्या. लॅमियमच्या पेशी आकाराने चांगल्याच वाढल्या, भिंती जाड झाल्या, आत पिष्ट साठले. पण एकही पेशी विभागली नाही.

का विभागली नाही, हे आज शेतकी शाळेतला मुलगाही सांगेल. एक तर घेतलेल्या पेशी पूर्ण वाढलेल्या, कामाला लागलेल्या होत्या. त्यात काही एकदल वनस्पतींच्या होत्या, ज्या आजही अवघड जातात. शिवाय द्रावणात संजीवके नव्हती, आणि असणारही कशी? ऑक्सिन ओळखले गेले ते १९३० च्या आसपास, कायनेटिन १९५५ मध्ये. माझ्या मते या शोधनिबंधाचे मोल निकालात नाही, शेवटच्या पानांत आहे. विभाजनासाठी काहीतरी वेगळे द्रव्य लागत असावे, असे त्यांनी ओळखले. वाढत्या शेंड्यांचा अर्क किंवा भ्रूणकोषातील रस द्रावणात घालून पाहावा, असे सुचवले. अशा पेशींपासून एक दिवस कृत्रिम भ्रूण घडवता येतील, असेही लिहून ठेवले.

भ्रूणकोषातील रस म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला समजावायला नको. शहाळ्याचे पाणी म्हणजे तोच रस, नारळाच्या वाढत्या भ्रूणासाठी झाडाने साठवलेला. १९४१ साली व्हान ओव्हरबेक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे कोवळे भ्रूण वाढवण्यासाठी नारळपाणी वापरले आणि ते कमालीचे उपयोगी पडले. गाजराच्या पेशीही पुढे त्यावर झपाट्याने वाढल्या. आजही ऑर्किडच्या कित्येक प्रयोगशाळांत माध्यमात नारळपाणी घालतात. हाबरलांट यांची सूचना चाळीस वर्षांनी फळाला आली.

ते स्वतःही त्या द्रव्याच्या मागे होतेच. १९१० मध्ये श्वेंडेनर यांच्या जागी ते बर्लिनला गेले आणि डालेम येथे वनस्पती शरीरक्रियाशास्त्राची संस्था उभी केली. तिथे त्यांनी हाती घेतला बटाटा. तुम्ही लागवडीसाठी बटाट्याच्या फोडी करता तेव्हा कापलेला भाग दोनचार दिवसांत सुकून त्यावर नवी साल धरते. म्हणजे जखमेजवळच्या पेशी पुन्हा विभागू लागतात. हाबरलांट यांनी बटाट्याच्या अगदी लहान चकत्या करून पाहिल्या. ज्या चकतीत अन्नवाहक शिरेचा तुकडा होता तिथे पेशी विभागल्या, जिथे शीर नव्हती तिथे विभागल्या नाहीत. शिरेतून काहीतरी झिरपते आणि तेच विभाजनाचा हुकूम देते, असा निष्कर्ष त्यांनी १९१३ मध्ये मांडला. पुढे नवलकोलावरही त्यांनी असेच काम केले. कापलेली जागा धुऊन टाकली की विभाजन कमी होते, आणि तिच्यावर ठेचलेल्या ऊतीचा रस लावला की पुन्हा होते. वनस्पतींत संप्रेरके असतात ही कल्पना या साध्या प्रयोगांतून आकाराला आली.

घरातही हाच विषय होता. त्यांचा मुलगा लुडविग इन्सब्रुकला शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाला. सशांवर प्रयोग करून संप्रेरकांनी गर्भधारणा तात्पुरती रोखता येते, हे त्याने १९२० च्या सुमारास दाखवले. गर्भनिरोधक गोळीच्या इतिहासात त्याचे नाव सुरुवातीला येते. त्याचा मृत्यू १९३२ मध्ये, वडिलांच्या आधी झाला.

हाबरलांट १९२३ मध्ये निवृत्त झाले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा विद्यार्थी कोटे याने मुळांची टोके काही काळ वाढवून दाखवली होती. १९३९ मध्ये फ्रान्सचे गोत्रे आणि नोबेकूर, अमेरिकेचे व्हाइट यांनी गाजर आणि तंबाखूच्या ऊती अखंड वाढवण्यात यश मिळवले. तेव्हा हाबरलांट चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ३० जानेवारी १९४५ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले, शहर पडायच्या तीन महिने आधी. एका सुट्या पेशीपासून फुलणारे पूर्ण झाड मात्र त्यांना पाहता आले नाही. ते तंबाखूत १९६५ साली विमला वासिल आणि हिल्डेब्रांट यांनी करून दाखवले.

मिरचीची पेशी वाढते, पण तिखट होत नाही

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पेशी वाढवण्याचे तंत्र बसल्यावर शास्त्रज्ञांना वाटले की काम झाले. मिरचीचा तुकडा घ्या, माध्यमात ऑक्सिन आणि सायटोकायनिन घाला, पांढुरका लगदा वाढतो. त्याला कॅलस म्हणतात. तो हलत्या द्रवात सोडला की टाकीभर पेशी मिळतात. यात वापरले जाणारे एक ऑक्सिन तुमच्या ओळखीचे आहे: २,४-डी. उसातील रुंद पानांच्या तणांवर आपण जे फवारतो, तेच लिटरला मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत पेशींना विभागायला लावते. पण हा लगदा चाखला तर जवळजवळ सपक निघाला. कॅप्सायसिन नाममात्र. हळदीच्या कॅलसमध्ये कर्क्युमिनची, केशराच्या कॅलसमध्ये रंगाची हीच रड.

इथे १९०२ चा निबंध कमी आणि १८८४ चे पुस्तक जास्त कामाला येते. मिरचीत तिखटपणा कुठे तयार होतो? बियांत नाही. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्या गाभ्याच्या बाहेरच्या थरातील पेशींत. हळदीत पिवळे द्रव्य कंदातील ठरावीक पेशींत साठते, केशरात फक्त फुलाच्या तीन तंतूंत. म्हणजे या द्रव्यांसाठी झाड खास पेशी घडवते. कॅलसच्या पेशीला कसलेच काम नेमून दिलेले नसते, ती फक्त विभागत राहते. जी फक्त विभागते तिला तिखट करायला ना सवड ना साहित्य.

साहित्याचा मुद्दा शब्दशः घ्या. कॅप्सायसिनचा एक भाग फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लापासून बनतो. वाढणाऱ्या पेशीला तेच अमिनो आम्ल प्रथिने बनवायला हवे असते. १९८० च्या सुमारास एडिंबरो येथे योमन आणि सहकाऱ्यांनी मिरचीच्या पेशींत ही ओढाताण दाखवली. वाढ रोखली की फेनिलअॅलनिन तिखटाकडे वळते. मग त्यांनी पेशी फोमच्या छिद्रांत अडकवून ठेवल्या. तिथे त्या संथ वाढल्या, एकमेकींना चिकटून राहिल्या आणि मोकळ्या तरंगणाऱ्या पेशींपेक्षा जास्त कॅप्सायसिन बनवू लागल्या. आणखी सोय म्हणजे ते द्रव्य बाहेर द्रवात उतरत होते, त्यामुळे पेशी न मारता काढता आले.

मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९९० च्या सुमारास याच्या पुढचे पाऊल टाकले गेले. तिथे सुट्या पेशींबरोबर मिरचीच्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडेच जेलच्या गोळ्यांत बसवून द्रवात ठेवले. तयार रचना असलेला गाभा तिखट बनवण्यात सुट्या पेशींपेक्षा सरस ठरला. हाबरलांट असते तर त्यांना याचे आश्चर्य वाटले नसते.

या विषयात आज जे उपाय वापरतात, ते सगळे याच दोन गोष्टींभोवती फिरतात: वाढीचा पाय ब्रेकवर ठेवणे आणि पेशीला काम नेमून देणे. पहिल्या टप्प्यात पेशी भरपूर वाढवतात. दुसऱ्या टप्प्यात माध्यम बदलतात: २,४-डी काढतात, नत्र किंवा स्फुरद कमी करतात, साखर वाढवतात. कच्चा माल आयता देतात, मिरचीसाठी फेरुलिक आम्ल, व्हॅनिलिलअमाइन, व्हॅलिन. मग पेशीला हूल देतात. यीस्टचा अर्क किंवा खेकडा-कोळंबीच्या कवचापासून केलेले कायटोसान घातले की पेशीला बुरशी आल्यासारखे वाटते आणि ती संरक्षक द्रव्ये बनवू लागते. सॅलिसिलिक आम्ल आणि मिथाइल जॅस्मोनेट हे धोक्याचे निरोपच आहेत. जॅस्मोनेट प्रथम चमेलीच्या तेलात सापडले म्हणून ते नाव. मात्रा आणि वेळ मात्र पिकागणिक, अगदी पेशींच्या वाणागणिक बदलते. लवकर दिले तर वाढच खुंटते आणि एकूण उत्पन्न घटते. हूल पेशी तयार झाल्यावर, म्हणजे वाढीचा जोर ओसरताना द्यायची.

केशरात तर संशोधक थेट रचनेच्याच मागे लागले. फुलाच्या भागांपासून बाटलीत तंतूंसारखे अवयव वाढवले तर त्यात रंगद्रव्ये येतात. मात्र ती शेतातल्या फुलाच्या तुलनेत अजून तोकडीच पडतात. खोलीत ट्रे मांडून घेतले जाणारे केशर हा वेगळा प्रकार आहे. तिथे तयार कंद फुलतो, ऊतीसंवर्धनाचा त्यात काही संबंध नाही. जाहिरातीत दोन्ही शब्द एकत्र दिसले तर थांबा आणि विचारा.

मग बाटलीतली मिरची बाजार खाणार का? माझे उत्तर नाही असे आहे, निदान जवळच्या काळात. टाकीतल्या पेशी सांभाळणे महाग असते. साखर, वीज, निर्जंतुकीकरण, आणि एक बुरशी शिरली तर सगळी टाकी वाया. जपानमध्ये १९८३ साली शिकोनिन हे लाल रंगद्रव्य पेशींपासून व्यापारी पातळीवर काढले गेले. ते परवडले, कारण मूळ झाडाला तयार व्हायला वर्षे लागतात आणि द्रव्य अतिशय महाग होते. मिरची तुमच्याकडे एका हंगामात येते, आणि तिच्यापासून ओलिओरेझिन काढणारे कारखाने सुकी मिरचीच विकत घेतात. प्रयोगशाळेचा खरा उपयोग आज आहे तो कोणते जनुक कधी चालते, द्रव्य कशाने वाढते, हे समजून घेण्यात. त्यातून पुढे वाण निघतात.

या अभ्यासाचा शेतातला पडसादही पाहा. पाण्याचा ताण बसला की बऱ्याच जातींत मिरची जास्त तिखट होते, पण फळे कमी आणि लहान लागतात. टाकीतली ओढाताण इथेही तीच आहे. तिखट वाढवण्याच्या नादात फुलोऱ्यात पाणी तोडू नका. तुमचा माल वजनावर विकला जात असेल तर तोटाच होईल.

हळदीच्या रोपांचे उत्तर आता सोपे झाले. ऊतीसंवर्धित रोप म्हणजे मातृकंदाची नक्कल. वाण तोच, तर कर्क्युमिनची क्षमताही तीच. बाटलीतून आल्यामुळे ती वाढत नाही. फायदा आहे तो निरोगी बेण्याचा: कंदकूज आणि सूत्रकृमी सोबत येत नाहीत, नव्या वाणाचे बेणे झपाट्याने वाढते. पहिल्या वर्षी या रोपांना कंद लहान येतात, त्यामुळे तो हंगाम बेणेवाढीचा धरा, विक्रीचा नव्हे. रोपे घेताना तीन गोष्टी लेखी मागा: वाणाचे नाव, मातृकंद कुठून आणला, आणि दुय्यम हार्डनिंग किती आठवडे झाले. कर्क्युमिनचा आकडा कोणी सांगितला तर तो कोणत्या शेतातल्या, किती महिन्यांच्या कंदाचा आहे ते विचारा. आपल्या शेतातला पूर्ण पक्व, वाळवलेला नमुना स्वतः तपासून घ्या, आणि दोन वर्षांचे आकडे हाती आल्यावरच क्षेत्र वाढवायचे की नाही ते ठरवा.